नरम गोळी, कडक गोळी

दौंडची पॅसेंजर सुटायला पाच मिनिटं होती आणि पुणे स्टेशनवर मी एका हवालदाराला रायफलचा परवाना वाचून दाखवत होतो. वाचून दाखवायचं कारण, तो चष्मा घरी विसरला होता. परवाना माझ्या मामांच्या नावाचा आणि मी त्यावरचा रिटेनर, म्हणजे मालकाच्या वतीनं बंदूक बाळगायची मुभा असलेला माणूस. हवालदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आपण करता काय?"

"शिक्षक आहे. खडकीच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो."

"मग पोरं गप्प बसत असतील," तो म्हणाला आणि त्यानं स्वतः माझी वळकटी डब्यात चढवून दिली.

गोष्ट एकाहत्तर सालची, नुकती संक्रांत होऊन गेली होती. त्या काळी रीतसर परवाना काढून काळवीट मारता येत असे. पुढे कायदा झाला आणि ते बंद झालं, ते उत्तम झालं असंच मी आज म्हणेन. पण तेव्हा माझ्या अंगात निराळंच वारं शिरलं होतं. मामा जंगलखात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे पॉइंट तीनशे पंच्याहत्तरची रायफल होती, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती नुसती तेल पिऊन कपाटात बसली होती. खडकीला आमच्या शेजारी काही वर्षं राहिलेले गायकवाड फौजेतून सुटून दौंडला रेल्वेत फिटर झाले होते. त्यांचं पत्र आलं, की निमोण्याजवळच्या त्यांच्या वाडीत काळविटांनी हरभरा ठेवलेला नाही, गावानं मिळून अर्ज केला आहे, परवाना मिळतो आहे, पण नेम धरणारा कुणी नाही. मी पाटीवरच्या लक्ष्यावर बरा नेम मारतो हे त्यांना माहीत होतं. जिवंत जनावरावर मी आयुष्यात गोळी झाडलेली नव्हती, हेही त्यांना माहीत होतं. पत्रात त्यांनी फक्त पहिलं लिहिलं होतं.

मामांनी दहा काडतुसं दिली, पाच नरम आणि पाच कडक. हा फरक इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नरम गोळीचं शिसं टोकाशी उघडं असतं. ती जनावरात शिरली की टोक चेपतं, फुलतं, गोळी आतल्या आत दुप्पट रुंद होते आणि आपला बहुतेक जोर तिथेच खर्च करते. कडक गोळीला टोकापासून मागेपर्यंत धातूचं कवच असतं. ती फुलत नाही, चेपत नाही, हाड आलं तरी सरळ जाते आणि पुष्कळदा जोर शिल्लक ठेवून पलीकडून निघून जाते. मामांचा हिशेब सोपा होता. गव्यासारख्या जाड चामडीच्या, दणकट हाडांच्या जनावराला कडक, वाघाबिबळ्याला नरम. काळविटाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याला ही रायफल म्हणजे डासाला मुसळ. पण आता दुसरी कुठून आणणार?"

मी मात्र प्रश्न सोडायला तयार नव्हतो. तीन दिवस वहीत गणितं मांडली. गोळीचं वजन, वेग, अंतर, जनावराच्या छातीची रुंदी. डावीकडे नरम, उजवीकडे कडक. बायको वाकून बघत म्हणाली, "काळविटाला मार्क किती देणार आहात?" उत्तर नरम गोळीकडे झुकत होतं. जोर आत राहतो, जनावर जागच्या जागी पडतं, तडफडत नाही. मला हे शास्त्रालाही धरून वाटलं आणि माणुसकीलाही.

दौंड स्टेशनात गाडी शिरली ती इंजिनांच्या धुरातूनच. चार-पाच इंजिनं पाणी भरत, सुस्कारे टाकत उभी होती आणि निळ्या कपड्यांतले गायकवाड त्यांच्यातून हात पुसत चालत आले. सहा फुटी माणूस, मिशी अजून फौजेतली. त्यांनी माझ्या खांद्यावरची रायफल आपल्या खांद्यावर घेतली आणि वाटेत चार ठिकाणी चार माणसांना "आमचे सर" अशी माझी ओळख करून दिली. रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वहिनींनी ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा वाढला. आमच्या घरी मटण शिजत नाही हे वहिनींच्या लक्षात होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फौजेतल्या तुकडीचा फोटो.

जेवण झाल्यावर मी दोन काडतुसं चटईवर उभी केली आणि वही काढली. गायकवाडांनी माझं गणित शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "सर, फौजेत आम्ही नरम गोळी पाहिलीच न्हाई. समदी कडक. ती सरळ जाती, मधी काय काडी-पाला आला तरी फाकत न्हाई. माझं मत कडक. पन तुमचं न् माझं ठरून उपयोग न्हाई. चाचाला इचारावं लागंल."

"कोण चाचा?"

"मुलाणी."

माझा चेहरा बघून ते हसायला लागले. "तुम्ही खात न्हाई, म्हणून तुम्हाला गोळीत नुसता जोर दिसतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या गावात बोकड असो, कोंबडा असो की रानातलं हरीण, मुलाण्यानं (गावाचं जनावर कापायचा पिढीजात हक्क असलेला मुसलमान) देवाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय कुणाच्याच चुलीवर चढत नाही. पाटलाच्या नाही, धनगराच्या नाही, गायकवाडांच्या आळीतल्याही नाही. आणि ती सुरी जिवंत जनावरावरच चालते. मेलेल्यावर फिरवून उपयोग नाही. म्हणजे गोळी अशी हवी, की जनावर खाली तर बसेल, पण चाचा पोचेपर्यंत जीव धरून राहील.

हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

सकाळी एस.टी.नं निघालो. भीमेचं पात्र ओलांडलं की काळी रानं मागे पडतात आणि माळ सुरू होतो. कुसळी गवत, तरवड, मधूनच एखादी बोर, आणि जिथे विहिरीला पाणी असेल तिथे एकदम हिरवागार तुकडा. इनामगावला आम्ही मुद्दाम उतरलो. घोडनदीच्या काठी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर पुण्याची अभ्यासक मंडळी खणत होती आणि गायकवाडांचा एक चुलतभाऊ तिथे मजुरीला होता. चौकोनी खड्ड्यांत तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनी सारवल्यासारख्या दिसत होत्या. एका तरुण अभ्यासकानं मला गारगोटीची बोटभर लांब पाती दाखवली आणि मग एका सुपातली हाडं. त्यांत हरणाचीही होती म्हणे.

"या पात्यांनी मारायचे का?" मी विचारलं.

"मारायचे कशानं, ते सांगता येत नाही. कापायचे मात्र यानं."

"म्हंजी सुरी तवाबी लागायचीच," गायकवाड म्हणाले. अभ्यासकाला हे नोंदवून ठेवावंसं वाटलं असावं, पण त्याचे हात मातीचे होते.

पुढची गाडी निमोण्याच्या अलीकडे सोडली आणि दीड कोस चालत निघालो. याच वाटेवर मी पहिल्यांदा काळवीट पाहिलं. आधी नुसतं गवत हललं. मग वीस-पंचवीस तांबूस हरणी, आणि त्यांच्या मागे तो एकटा काळाभोर नर, पोटाखाली पांढरा, पिळदार शिंगं पाठीवर टाकून मान ताठ ठेवून चालत होता. मी रायफल विसरून बघत राहिलो. कळप बांध उडी मारून पार झाला आणि सगळ्यांत शेवटी एक हरणी राहिली. ती तीन पायांवर होती. मागचा उजवा पाय गुडघ्यापासून लोंबत होता आणि प्रत्येक उडीला तो तिच्याच पोटावर आपटत होता.

"कुणीतरी बार टाकून गेलं असंल," गायकवाड म्हणाले. "लागलं आन् निघून गेलं. महिना तरी झाला असंल."

ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

वाडी तीस-चाळीस घरांची. पोलीस पाटील आप्पा हे बारीक अंगाचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांनी आम्हाला आधी चहा पाजला आणि मग चहा खाली उतरायच्या आत हरभऱ्यात नेऊन उभं केलं. घाटे धरलेला हरभरा शेंड्यांपासून खुडलेला होता, एकरच्या एकर. "समदं पीक चाटून नेलं, मास्तर," ते म्हणाले. "एक मोठा नर पडला की कळप दुसरीकडं सरकंल. आन् गावाला एक दिस जेवनबी व्हईल. बाया आत्तापासनं मसाला वाटायला बसल्यात." खरंच, वाडीत शिरताना भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत होता.

चाचा भेटले ते विहिरीवर. साठीच्या पुढचे, पांढरी आखूड दाढी, डोक्यावर आप्पांसारखंच मुंडासं, उजवा गुडघा फडक्यानं आवळलेला. गायकवाड पाणी शेंदायला लागले आणि चाचांनी मला मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या कडेवर बसवून घेतलं.

"मास्तर, तुमच्याकडं दोन जातीच्या गोळ्या हायेत म्हनं."

मी दोन्ही काडतुसं त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी एकेकीच्या टोकावरून अंगठा फिरवला, आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या पोरानं भिंग हाताळावं तितक्या जपून. "ही फुलती?"

"हो."

"आन् ही आरपार?"

"हो."

"मंग ही घाला." कडक काडतूस त्यांनी माझ्या हातात परत दिलं. "ह्यानं बसंल. मी पोचंस्तवर जीव ऱ्हाईल."

"चाचा, तेवढा वेळ त्याला दुखेल."

"दुखंल. म्हनून तर मी लांब बसत न्हाई. पन्नास पावलांवर बांधाआड बसतो. ह्यो गुडघा असा हाय, पन पन्नास पावलं पळंल."

मग त्यांनी आवाज खाली आणला. मागच्या दोन हिवाळ्यांत शिरूरहून शिकारी आले होते. दोन्ही वेळा जनावर चाचा पोचायच्या आधी मेलं, दोन्ही वेळा चाचांनी सुरी फिरवायला नकार दिला आणि गाव वाटलेला मसाला बघत बसलं. लोक म्हणायला लागले, चाचा म्हातारा झाला, पळत नाही. पुढच्या महिन्यात पिराची कंदुरी (नवस फेडायचं मटणाचं गावजेवण) होती. आप्पांनी सांगून ठेवलं होतं, आता तिसऱ्यांदा तसं झालं तर कंदुरीला न्हावरे गावचा तरणा मुलाणी बोलवायचा.

"चाळीस वर्सं ह्या गावाची सुरी माझ्या हातात हाय," चाचा म्हणाले. "आप्पाच्या बारशाचं बोकड मी कापलंय. कंदुरीला दुसरा मानूस उभा ऱ्हायला तर मी गावात कोन म्हनून बसू?"

त्यात रडगाणं नव्हतं. बस कधी येते हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मला तो माणूस तिथल्या तिथे आवडला. मी म्हणालो, "कडकच घालतो, चाचा. शब्द दिला."

वाटेत पाहिलेल्या हरणीबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा आम्ही जागा धरून बसलो होतो. हरभऱ्याच्या कडेला तुरीचा पट्टा होता, त्यात मी आणि गायकवाड. डाव्या हाताला बांधाआड चाचा, गुडघ्याला ताजं फडकं, कमरेला सुरी. बाकी गाव मागे ओढ्यात बसलेलं, खोकायचं नाही अशी आप्पांची ताकीद. नळीत कडक गोळी. तासभर काही झालं नाही. मुंग्या मात्र माझ्या धोतरात शिरल्या, कारण शिकारीला धोतर नेसून येणारा त्या तालुक्यातला मी पहिलाच असेन.

कळप आला तो अगदी ठरवल्यासारखा. हरणी पुढे, मध्ये ती तीन पायांची, आणि सगळ्यांत शेवटी काळा नर. तो समोरच्या बांधाजवळ थांबला, आडवा उभा राहिला, खांदा पूर्ण उघडा. अंतर सत्तर पावलं. मी नळीच्या टोकावरची नेमाची माशी त्याच्या खांद्यावर धरली आणि तेवढ्यात ती हरणी त्याच्या पुढून लंगडत गेली, पाय पोटावर आपटत.

मला एकदम दिसलं की माझी गोळी बोटभर मागे लागली तर काय होईल. ती आरपार जाईल आणि हा माळभर पळत राहील, आठवडाभर, महिनाभर. मी बोल्ट मागे ओढला, कडक काडतूस काढून खिशात टाकलं आणि नरम घातलं. याला चार-पाच सेकंद लागली, तेव्हा विचार करायला वेळ नव्हता असं मला म्हणता येणार नाही. गायकवाडांनी ते पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

बार झाला. काळवीट उडालं नाही की ओरडलं नाही. चारही पाय एकदम दुमडून ते उभं होतं तिथेच बसलं आणि आडवं झालं. कळप पलीकडे पसार झाला.

चाचा बांधावरून उठले होते. त्यांच्या वयाचा, त्या गुडघ्याचा माणूस तसा पळू शकेल यावर माझा विश्वास बसला नसता. मुंडासं मागे पडलं, पाय तिरका पडत होता, पण ते थांबले नाहीत. मी तुरीतून बाहेर पडेपर्यंत ते जनावराजवळ गुडघ्यावर होते, एका हातात सुरी, ओठ हलत होते, दुसरा हात काळविटाच्या गळ्यावर. मग ओठ थांबले. त्यांनी बोटानं हलकेच त्याच्या डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. त्यांनी सुरी म्यानात घातली आणि तो हात काळविटाच्या मानेवर तसाच ठेवून बसून राहिले.

तोवर गाव येऊन पोचलं. आप्पा धापा टाकत म्हणाले, "चाचा, फिरवा सुरी."

"न्हाई आप्पा. मेलंय."

"आत्ता तर पडलंय. अंग गरम हाय."

"अंग गरम हाय. जीव न्हाई."

कुणीतरी मागून म्हणालं, फिरवा की, कोण बघतंय. चाचांनी त्या बाजूला नुसतं पाहिलं. मग त्यांनी काळविटाचं खांद्यावरचं भोक पाहिलं, लहानसं. त्याला कुशीवर वळवलं आणि पलीकडचं पाहिलं. फुललेली गोळी त्या लहान अंगातून बाहेर पडली होती आणि त्यात माझी मूठ मावली असती. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता ते बोलतील.

"मला पोचायला उशीर झाला," ते आप्पांना म्हणाले. "गुडघा मागं पडला."

मला सांगायला लाज वाटते, पण मी तेव्हा लगेच तोंड उघडलं नाही. आप्पांचा चेहरा उतरला. "मंग झालं तर," ते म्हणाले. "कंदुरीचं मी न्हावऱ्याला सांगून येतो. चाचा, राग मानू नका."

"राग कसला," चाचा म्हणाले.

गर्दीतला एक जण गायकवाडांना म्हणाला, "मंग गायकवाड, तुमच्या आळीला न्या की. एवढं जनावर वाया कशाला घालवायचं?"

गायकवाड सावकाश त्याच्याकडे वळले. आवाज त्यांनी अजिबात चढवला नाही. "आमच्या घरीबी चाचाच्याच सुरीचं शिजतं. चाचानं न्हाई म्हनलेलं तुमी खानार न्हाई, मंग आमच्या आळीनं का खावं? मेलेलं उचलायचं आमी कवाच सोडलंय." बोलणाऱ्यानं खाली बघितलं.

तेव्हा मला माझा आवाज सापडला. मी खिशातलं कडक काडतूस काढून आप्पांच्या हातात दिलं. "आप्पा, चाचांना उशीर झालेला नाही. ते माझ्या आधी पोचले. त्यांनी ही गोळी घालायला सांगितली होती, मी शब्द दिला होता, आणि ऐन वेळी मी ती बदलली. जिनं जागच्या जागी जीव जातो ती घातली. उशीर कुणालाही झालाच असता. वाऱ्यालाही झाला असता."

आप्पा काडतुसाकडे बघत राहिले. मग चाचांकडे वळून म्हणाले, "चाचा, तुमाला ठावं व्हतं?"

"भोक बघितलं की कळतं."

"मंग बोलला का न्हाई?"

"पाव्हना हाय."

आप्पांनी मुंडासं काढलं, डोकं खाजवलं, परत बांधलं. हे त्यांनी दोनदा केलं. "चाचा," ते म्हणाले, "तुमी आत्ता जीव हाय म्हनून सुरी फिरवली असती, तर आमाला काय कळनार व्हतं?"

"न्हाई. तुमाला न्हाई कळलं असतं."

"मंग कंदुरीला तुमीच." आप्पा कुणाकडेच न बघता म्हणाले. "तो न्हावऱ्याचा पोरगा पळंल चांगला. पन असं न्हाई म्हनंल का न्हाई, कुनाला ठावं." आणि मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुमी शिकलेली मानसं लई अवघड."

काळविटाला एका बाभळीखाली खोल खड्डा करून पुरलं. खड्डा खणायला मी हात लावला आणि माझ्या हाताला फोड आले, त्याबद्दल कुणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही. वाटलेला मसाला दुपारी वांग्यात गेला. पंगतीत वाढताना आप्पांच्या कारभारीणबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या गोळीनं समद्या गावाला वांगी खाऊ घातली." सगळी पंगत हसली, चाचासुद्धा. ते जेवण मला फार आवडलं. त्या मसाल्याच्या वांग्याची चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही, पण हे मी तिथे बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गायकवाड ड्यूटीवर हजर व्हायला दौंडला परतले. मी शिरूरवरून पुण्याची गाडी धरणार होतो. चाचांनाही शिरूरला जायचं होतं, कंदुरीसाठी सुऱ्यांना धार लावून आणायची होती. आम्ही दोघं एका बैलगाडीत बसलो आणि पुढे एस.टी.नं गेलो. वाटेत ते शेतं दाखवायचे, कुणाची विहीर, कुणाची वाटणी झाली ते सांगायचे. मीही विषय काढला नाही.

शिरूरला बाजार होता. घोडनदीच्या काठापर्यंत गाड्या सुटलेल्या, कांद्याचे ढीग, घोंगड्या, शेळ्या, मध्ये भज्यांच्या कढया. चाचांनी मला गरम भजी खायला घातली आणि पैसे देऊ दिले नाहीत. धार लावणारा वेशीजवळ पायानं चाक फिरवत बसला होता. चाचांनी फडक्यातून तीन सुऱ्या काढून दिल्या आणि आम्ही शेजारी दगडावर बसलो. चाकातून ठिणग्या उडत होत्या.

"मास्तर," चाचांनी विचारलं, "त्याला काय कळलं असंल का?"

"काळविटाला? नाही. आवाज त्याच्या कानापर्यंत पोचायच्या आधी गोळी पोचली असणार. नरम गोळीचा तोच गुण."

"मंग चांगली गोळी हाय." त्यांनी धार लावून झालेली सुरी अंगठ्याच्या नखावर तपासली. "ती तीन पायांची हरनी तुमी बघितली, आन् मंग गोळी बदलली. हे मला गायकवाडानं सांगितलं. तुमी न्हाई सांगितलं."

"नाही सांगितलं."

"विहिरीवर सांगायचं व्हतं. तवाच मी म्हनलो असतो, नरमच घाला."

"आणि कंदुरी?"

"गेली असती. आप्पाला म्हनलो असतो, मास्तर जिवानिशी मारनार हायेत, मला बोलावू नका." त्यांनी दुसरी सुरी उचलली. "चाळीस वर्सं जनावराच्या मानंवर हात ठेवतोय मी. त्याला काय व्हतं, ते तुमच्यापरीस मला ज्यास्त ठावं हाय. तुमी इचारलंच न्हाई."

पुण्याची गाडी लागली तेव्हा त्यांनी माझी वळकटी टपावर चढवायला लावली आणि रायफल मांडीवर नीट धरायला सांगितली. गाडी हलली तरी ते सुऱ्यांचं गाठोडं काखेत धरून उभे होते. मी हात केला, त्यांनीही केला.

शिक्रापूरला गाडी चहाला थांबली. मी खाली उतरलो नाही. मांडीवर वही उघडी होती, डावीकडे नरम, उजवीकडे कडक, आणि मी त्या आकड्यांकडे बघत होतो. गणित चुकलेलं नव्हतं. काळविटाच्या बाजूनं पाहिलं तर मी निवडली तीच गोळी योग्य होती, आणि पुन्हा वेळ आली असती तर मी तीच घातली असती. चूक दुसरीकडे होती. मी विहिरीवर त्या म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं ऐकलं, त्याला शब्द दिला, आणि मनात ठरवून टाकलं की त्याला आपला मान हवा आहे आणि जनावराची काळजी मलाच करायची आहे. म्हणून मी त्याला हरणीचं सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, असं मला वाटलं होतं. दया फक्त मला एकट्यालाच येते, असं मी धरून चाललो होतो. त्याची लाज मला अजून वाटते.